शाळेत पडदा आला, पोर मात्र फडावर



दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांची चाल बदलते. मुकादमाची उचल घेऊन ती खर्चूनही झालेली असते. दारात ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, ज्वारीचे पोते, कोंबड्यांची डालगी चढते, आणि सगळ्यांत शेवटी त्या पसाऱ्यावर बसते ते घरातले धाकटे पोर. आष्टी घ्या, पाटोदा घ्या, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, कुठलाही तालुका घ्या. हे चित्र तुमच्या ओळखीचे आहे, आणि कित्येकांच्या तर घरचेच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयता निघाला की चार-पाच महिने कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटकातला बेळगावचा मुलूख. परत येणे कारखान्याचा पट्टा पडेल तेव्हा.

त्याच गावात, देवळाच्या मागे जिल्हा परिषदेची शाळा असते. हल्ली तिच्या भिंतींवर रेल्वेचे डबे रंगवलेले असतात, आणि एका खोलीच्या दारावर ‘डिजिटल वर्ग’ अशी पाटी असते. आत मोठा टी.व्ही. किंवा प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा. त्यासाठी गावाने वर्गणी दिलेली असते, कुणी हजार, कुणी पाचशे. वर्गणी देणाऱ्यांत ऊसतोडीला जाणारेही असतात. म्हणजे ज्याने पडद्याला पैसे दिले त्याचे पोर हंगामात पडद्यासमोर नसतेच.

या पडद्याचा आपल्या मुलांना खरोखर उपयोग किती, आणि तो फडावरच्या मुलापर्यंत पोचतो का, याचा आज जरा हिशेब मांडू.

यंत्र शाळेत नवे नाही

पुष्कळांना वाटते की शाळेत यंत्र आले ते आत्ता, मोबाइलबरोबर. तसे नाही. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत एक रेडिओ होता. आकाशवाणीवर शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम लागत. पण तो रेडिओ हेडगुरुजींच्या कपाटात, कुलपात असे. किल्ली गुरुजींच्या जानव्याला, आणि बॅटऱ्या संपलेल्या! वर्षाकाठी दोनदा तो वाजला असेल. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, पुढे तिची गरज लागणार आहे.

आपल्या देशाने याहून फार मोठा प्रयोग करून पाहिलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे पूर्ण एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ नावाचा उपग्रह आपल्याकडे वळवून घेतला होता. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या प्रयोगाला ‘साइट’ म्हणत. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी निवडली. गावच्या शाळेत किंवा चावडीत एक टी.व्ही. आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या तारेच्या जाळीची भली मोठी छत्री. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी शेती, आरोग्य वगैरे. ज्या गावांत धड सडक नव्हती तेथे चित्र आभाळातून उतरत होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण शेजारच्या कर्नाटकातले तेव्हाचे गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. मराठवाड्याच्या सीमेवरच्या जुन्या लोकांनी त्या टी.व्ही.च्या गोष्टी ऐकल्या असतील.

वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, ते किती दिवस आपले आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे १९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी वर गेला. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि मराठीत मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती बनू लागल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी दूरदर्शनवर त्या पाहिल्या असतील. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. २००४ च्या सप्टेंबरात तर केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला होता. तेव्हा, रेडिओ झाला, टी.व्ही. झाला, उपग्रह झाला. प्रत्येक वेळी ‘आता खेड्यातले पोर शहराच्या बरोबरीला येणार’ असे सांगितले गेले. थोडे आले, बरेच राहिले.

पोर गुंगणे वेगळे, शिकणे वेगळे

पडदा लावला की पोरे गप्प बसतात, हे खरे. पण गप्प बसलेले पोर शिकतेच असे नाही. जत्रेतल्या तंबूतही पोरे गप्प बसतात.

एक उदाहरण घेऊ. आपल्या भागातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. माजलगावच्या धरणाचे पाणी हे त्यांचे सर्वांत मोठे पाणी. पुस्तकात ‘भरती-ओहोटी’ हा धडा आला की गुरुजी फळ्यावर रेघा मारतात, पोरे त्या रेघा वहीत उतरवतात, आणि परीक्षेत तीन गुण मिळतात. समुद्र कळत नाही तो नाहीच. आता तेथे दोन मिनिटांचे चित्र दाखवले, सकाळी होडी पाण्यात आहे आणि दुपारी तीच होडी चिखलात आडवी पडली आहे, तर सगळा वर्ग एकदम विचारतो, “पाणी गेलं कुठं?” हा प्रश्न उठला की पडद्याचे काम झाले. येथे शहाणा शिक्षक चित्र थांबवतो. “तुम्हीच सांगा, कुठं गेलं असेल?” असे विचारतो. एक म्हणते आटले, दुसरे म्हणते जमिनीत मुरले, तिसऱ्याला चंद्राचे काही तरी ऐकलेले आठवते. मग शिकवणे सुरू होते.

आणि जो शिक्षक तासभर चित्र लावून स्वतः रजिस्टर लिहीत बसतो, त्याच्या वर्गात मुले सिनेमा पाहतात, एवढेच. यंत्र तेच, वीज तीच, वर्गणी तीच.

उलट बी कसे उगवते हे पडद्यावर दाखवणे मला तरी पटत नाही. तुमच्या घरची मटकी आहे, ओले फडके आहे, दोन दिवसांत मोड येतात. जे हातात धरून पाहता येते ते हातातच धरावे. जे आपल्या शिवारात नाही, किंवा फार लहान आहे, फार दूर आहे, शरीराच्या आत आहे, जसे की धडधडणारे हृदय, त्याच्यासाठी पडदा. कवितेला तर चित्रही नको, आवाज पुरतो. चालीत म्हटलेली कविता पोरे एका दिवसात पाठ करतात, आणि तीच मुलांच्या आवाजात मोबाइलवर भरून परत ऐकवली तर शाळेतून हलत नाहीत.

चौकोनी ठिपक्यांची गोष्ट

तुमच्या घरच्या बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसतो. किराणा दुकानात पैसे द्यायला मोबाइल ज्याच्यासमोर धरता तसलाच. याला क्यूआर कोड म्हणतात. हा मूळचा जपानचा. मोटारीच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी तेथल्या डेन्सो वेव्ह या कंपनीने तो १९९४ मध्ये काढला. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींवरून मोबाइलला त्याची सरळ-उलटी बाजू कळते. थोडा मळला, कोपरा फाटला तरी तो वाचता येतो, आणि पोरांच्या दप्तरातल्या पुस्तकासाठी हे फार सोयीचे.

हा चौकोन शाळेच्या पुस्तकात आणण्याच्या कामी एका खेड्यातल्या शिक्षकाचे नाव जगभर गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून लहान गाव आहे. तेथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये शिक्षक म्हणून गेले. तेव्हा शाळेच्या इमारतीच्या एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. त्यांनी पुस्तकात असे चौकोन चिकटवायला सुरुवात केली. मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, धड्याचे चित्र दिसायचे, पुढचा प्रश्न यायचा. प्रत्येक मुलाला त्याच्या वकुबाप्रमाणे वेगळा अभ्यास देता यायचा. गुरुजी एक आणि इयत्ता चार अशा शाळेत याचे मोल काय, हे ज्याने तशी शाळा पाहिली आहे त्यालाच कळेल. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत हे कोड घालण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना वार्की फाउंडेशनचा, युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा, जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली! भावकीत बांधाच्या एका फुटासाठी कोर्टात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा दोनदा वाचावे.

बीड जिल्हाही मागे नाही. ५ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशभरातल्या ४६ शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले. महाराष्ट्राचे त्यात तीन होते, आणि तिघांपैकी दोघे आपल्या जिल्ह्यातले, जिल्हा परिषद शाळांतले. एक सोमनाथ वाळके, आष्टी तालुक्यातल्या पारगाव जोगेश्वरीच्या शाळेचे. दुसरे शशिकांत कुलथे, गेवराई तालुक्यातल्या दामूनाईक तांड्याच्या शाळेचे. तांडा म्हणजे ऊसतोडीची वाट जेथून निघते ती जागा. ‘जिल्हा परिषदेच्या शाळेत काय आहे?’ असे म्हणून जे ऐपत नसताना इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत पोराला कोंबतात, त्यांनी या दोन शाळांचे नाव लक्षात ठेवावे.

मात्र या चौकोनाबद्दल एक गोष्ट समजून घ्या. त्या ठिपक्यांत धडा नसतो. त्यात फक्त पत्ता असतो, धडा कुठे ठेवला आहे त्याचा. पत्त्यावर जायला इंटरनेट लागते. डोंगरपट्ट्यातल्या वस्तीवर रेंज नसेल तर चौकोन नुसतीच नक्षी. यावर उपाय सोपा आहे. ‘दीक्षा’ नावाच्या सरकारी ॲपवरून पाठ आधी उतरवून घेता येतो, मग तो इंटरनेटशिवाय चालतो. शिक्षकाने तालुक्याच्या गावी उतरवून आणला आणि पालकांच्या मोबाइलमध्ये भरून दिला तरी चालते.

२०२० ने शिकवले ते

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सगळा भार मोबाइलवर पडला. त्या वेळी घरोघर काय झाले ते तुम्ही अनुभवले आहे. मोबाइल एक, पोरे तीन, आणि मोबाइल बापाच्या खिशात. बाप रानात. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत हेच आकड्यांत दिसले. देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. कित्येक घरांनी शेळी विकून, कर्ज काढून फोन घेतला. पण २०२१ च्या पाहणीत असे आढळले की घरात फोन असूनही चारांतल्या एका मुलाच्या हाती तो अभ्यासाला येतच नाही. ते एक मूल बहुधा मुलगी असणार, असे मला वाटते. तुमच्या घरी कसे झाले, आठवून पाहा.

त्या दिवसांत २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ नावाची मालिका लागत होती. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन काही तरी करून पाहायला लावणारी. इंटरनेट नको, पैसे नकोत. मला तो प्रकार चार तासांच्या मोबाइल-शाळेपेक्षा बरा वाटला. मोबाइलची शाळा शहरातल्या मोठ्या मुलांना जमली असेल. दुसरीच्या पोराला नाही.

आता फोन जवळजवळ घरोघरी झाला आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयाच्या दहांपैकी आठांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. पण मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरला असे ५७ टक्क्यांनी सांगितले, आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे ७६ टक्क्यांनी. विळा घरात आला म्हणजे गवत कापले जातेच असे नाही.

फडावरचे पोर

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ऊसतोडीवर गेलेले पोर काय करते? लहान असेल तर पाचटावर झोपते. थोडे मोठे झाले की धाकट्या भावंडाला कडेवर घेते. बारा वर्षांची पोरगी कोपीवर भाकरी थापते, पाणी आणते, आणि मोळ्या बांधायलाही जाते. पहाटे तीनला गाडी भरायला उठलेल्या आईला पोराचा अभ्यास घ्यायला सांगणे म्हणजे थट्टाच. एप्रिलमध्ये गावी आल्यावर हे पोर वर्गात बसते तेव्हा पडद्यावर अपूर्णांक चाललेले असतात आणि त्याला वजाबाकीही आठवत नसते. अशा पोराला पडदा नुसता दिसतो. दोन-तीन हंगाम असे गेले की ते शाळेची वाट सोडते. मुलगा असेल तर हातात कोयता येतो, आणि मुलगी असेल तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न लावून जोडीचा नवा कोयता तयार करतात. कायदा अठरा वर्षे म्हणतो, मुकादम जोडी मागतो.

म्हणून, पोराला गावी ठेवता येत असेल तर ठेवा, हे पहिले सांगणे. आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दसऱ्याच्या आधी करा, गाडी दारात आल्यावर नव्हे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहे, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. तुमच्या तालुक्यात कुठे आहे, जागा किती शिल्लक आहेत, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. गावी राहिलेल्या पोराला तो डिजिटल वर्गही कामी येतो आणि रात्री आईशी मोबाइलवर बोलताही येते. पोर गावी राहते की नाही, हे पुष्कळदा त्या रात्रीच्या फोनवरच ठरते. तिसऱ्याच दिवशी रडून ट्रॅक्टरमागे निघालेली पोरे आपण पाहिली आहेत.

आणि नेणे भागच असेल, तर दोन गोष्टी करा.

पहिली, कागदाची. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शाळेकडून ‘शिक्षण हमी कार्ड’ मिळते. पोर कितवीत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. कारखान्याच्या जवळच्या शाळेत ते दाखवायचे. तेथल्या कुणी ‘दाखला कुठाय?’ म्हणून अडवले तर ठणकावून सांगा: २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यावाचून किंवा उशिरा आला म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा नाकारता येत नाही.

दुसरी, मोबाइलची. निघण्यापूर्वी गुरुजींकडे किंवा बाईंकडे मोबाइल घेऊन जा आणि दोन-तीन महिन्यांचे पाठ त्यात भरून घ्या. शिवाय बाईंना विनंती करा की आठवड्यातून दोनदा स्वतःच्या आवाजात पाच मिनिटांचा निरोप पाठवा. पोराचे नाव घेऊन, ‘ही गोष्ट ऐक आणि मला परत सांग’ असा. आवाजाला चित्रापेक्षा फार कमी डेटा लागतो, आणि कोपीत दिवा नसला तरी तो ऐकता येतो. अनोळखी माणसाच्या झकपक चित्रफितीपेक्षा आपल्या बाईंचा आवाज पोराला जास्त धरून ठेवतो, याविषयी मला शंका नाही. तांड्यावरच्या पोराला गोरमाटीत दोन वाक्ये ऐकू आली तर आणखीच.

किल्ली कुणाकडे?

शेवटी त्या रेडिओची गोष्ट. आज गावोगावच्या डिजिटल वर्गांचे हाल पाहिले तर बॅटऱ्यांच्या जागी वीज आली आहे, एवढाच फरक. बिल थकले, मीटर काढून नेले. उंदरांनी वायर कुरतडली. प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवा आणायला तरतूद नाही. ज्या गुरुजींना हे सगळे जमायचे त्यांची बदली झाली. चोरीच्या भीतीने टी.व्ही. पेटीत बंद.

हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बैठकीच्या सह्या घरी मागवू नका. मायबहिणींनो, तुम्ही स्वतः जा. टी.व्ही. आठवड्यातून किती दिवस लागतो, कुठल्या विषयाला, बिल कोण भरते, आणि किल्ली कुणाकडे असते, असे सरळ विचारा. वर्गणी मागायला आलेले लोक होते तेच उत्तर द्यायला असू द्या. आणि ही बैठक श्रावण-भाद्रपदातच घ्यायला लावा, कारण दिवाळीनंतर निम्मे पालक गावात नसतात.

शिक्षण हमी कार्डही त्याच दिवशी मागून घ्या. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच ते ठेवा. ती पिशवी ट्रॉलीत कधी विसरत नाही.